तेरा फ्लॉप्या आणि झिरो नंबरचा ब्रश

सरांच्या क्लासात शिरायचं तर आधी पाय धुवावे लागत. पेणच्या एका गल्लीत खाली त्यांच्या भावांचा गणपतीचा कारखाना होता, आणि लाकडी जिना चढून गेलं की वर सरांचा कॉम्प्युटर क्लास. खाली सगळीकडे शाडूची पांढरी धूळ. चपला बाहेर काढल्या तरी ती तळपायाला चिकटून वर येते, असं सरांचं म्हणणं. म्हणून पहिल्या पायरीशी एक बादली, एक तांब्या आणि एक गोणपाट. कॉलेजचा मुलगा असो की सरकारी हापिसातला साहेब, आधी पायांवर पाणी घ्यायचं, गोणपाटावर पाय पुसायचे आणि मगच वर जायचं. रोह्याहून गाडीने येणाऱ्या आम्ही तिघीचौघी मुली याला खूप हसायचो. घरी सांगितलं तेव्हा अम्मी मात्र हसली नाही. "शहाणा दिसतो माणूस," म्हणाली. तिने सरांना तोवर पाहिलंही नव्हतं.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. रोह्यात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे धाटावच्या कंपन्यांमध्ये काचेच्या खोलीत, एसीच्या गारव्यात ठेवलेली वस्तू. माणसं घामाघूम आणि मशीन गारव्यात, याचं सगळ्यांना नवल वाटायचं. सरांकडे ना काच होती ना एसी. दोन मशीन होती, आणि त्यांच्यावर सरांच्या आईची दोन जुनी लुगडी पांघरलेली असत.

सर ठेंगणे, अंगाने सुकडे. लेंगा आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट. शर्टाच्या खिशात पेन कधी नसायचं, ब्रश असायचा. झिरो नंबरचा, टोकाला चारसहा केस असलेला. तरुणपणापासून ते खाली आखणी करत. मूर्तीचे डोळे काढायचे त्याला आखणी म्हणतात. माती मळणारे, साचे भरणारे, रंग मारणारे कारखान्यात पुष्कळ असतात, डोळे काढणारा एखादाच. सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, तो येतो आणि दोन रेघा नि एक ठिपका देऊन जातो. चुकलं तर खोडायची सोय नाही. सरांचा हात पेणमध्ये नावाजलेला होता. मग मुंबईला कोणा मित्राकडे गेले असताना त्यांनी कॉम्प्युटर पाहिला, चार दिवस त्याच्यासमोर बसून राहिले आणि परत आले ते वेगळेच होऊन, असं त्यांचे थोरले भाऊ सांगत. सांगताना कपाळाला हात लावत. तो ब्रश मात्र सरांनी सोडला नाही. कीबोर्डच्या फटीतली धूळ ते त्याच ब्रशाने काढत, आणि तेव्हाही श्वास रोखून धरत.

कॉम्प्युटरला ते 'तो' म्हणत. मशीन बिघडलं असं त्यांनी कधी म्हटलेलं मला आठवत नाही. पडद्यावर काहीतरी चौकट उगवली की आम्ही घाबरायचो आणि घाबरून पटकन ओके दाबून टाकायचो. चौकट निघून गेली की सुटलो असं वाटायचं. सरांना याचा भयंकर राग होता.

"काय गो, काय विचारत होता तो?"

"माहीत नाही सर."

"मग तू होय कशाला म्हटलंस?"

"सर, ती चौकट जावी म्हणून."

"रस्त्यात कोणी येऊन तुला काय पण विचारलं, तर त्यानं जावं म्हणून तू होय म्हणशील?"

मग सर शांत होऊन ते एकच वाक्य म्हणायचे, जे आम्ही दीड वर्षात हजारदा तरी ऐकलं असेल. "घाई नाय. तो काय विचारतोय ते आधी वाच." इंग्रजी कळत नसलं तरी शब्द शब्द जुळवून वाचायचं, अडलं तर डिक्शनरी उघडायची. कीबोर्डशेजारी डिक्शनरी असलेला तो जगातला एकमेव क्लास असावा. आणि एक लांब वही होती. मशीनने कधीही काहीही विचारलं की ते जसंच्या तसं त्या वहीत उतरवायचं. एका रकान्यात त्याने काय विचारलं, दुसऱ्यात आपण काय उत्तर दिलं, तिसऱ्यात पुढे काय झालं. तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा 'पहिल्यापासून' असं लिहिलेलं असे.

पहिल्यापासून म्हणजे काय, ते आता सांगून कोणाला पटणार नाही. नवी सिस्टीम तेव्हा फ्लॉप्यांवरून चढवायची. तेरा फ्लॉप्या. सरांनी त्या स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात ठेवल्या होत्या, खाली पांढऱ्या फडक्याची घडी, आणि प्रत्येकीवर ब्रशाने नाव लिहिलेलं. पहिली 'बोलकी'. चौथी 'जड'. नववी 'रुसकी'. ही नववी म्हणजे आमच्या जिवाला घोर होता. आठ फ्लॉप्या सुरळीत जायच्या, त्यात दोन तास मोडायचे, आणि नववी घातली की आतून करकर आवाज यायचा नि पडदा म्हणायचा, वाचता येत नाही. सर तिला बाहेर काढत, हातात उलटीपालटी करत आणि खिडकीशी ठेवून देत. "तिला जरा बसू दे." आम्हीही बसायचो. पंधरा मिनिटांनी पुन्हा घातली की कधी ती निमूट चालायची. कधी नाही चालायची. मग वहीत पहिल्यापासून.

सिस्टीम चढत असताना बोलायचं नाही. पंखासुद्धा बंद. खालच्या कारखान्यातली 'आखणी चालू आहे, हाक मारू नये' अशी पाटी सर वर आणून दाराला लावत. पडद्यावर ती निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायची आणि सर तिच्याकडे एकटक बघत राहायचे. मी एकदा विचारलं, "सर, आपण बोललो तर त्याला काय कळतंय?" सर म्हणाले, "त्याला नाय गो. मला."

मुंबईचा मित्र अधूनमधून सिस्टीमची सुधारणा म्हणून नवीन फ्लॉपी पाठवायचा. जुन्या चुका यात काढल्यात, म्हणे. दुसरा कोणी असता तर उड्या मारत चढवली असती. सर ती एका मशीनवर चढवायचे, दुसऱ्यावर नाही, आणि महिनाभर नुसते लक्ष ठेवून असायचे. आम्ही भुणभुण लावली की म्हणायचे, "सुकू दे. ओल्यावर रंग मारला की सोलतो." महिन्याभरात निम्म्या वेळा खरंच काहीतरी सोलून निघायचं. प्रिंटर चालेनासा व्हायचा, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे. सर मग दुसऱ्या मशीनवरचं लुगडं बाजूला करून, तिकडे सगळं ठीक आहे हे बघून, समाधानाने कोरा चहा प्यायचे.

धाटावच्या एका कंपनीने त्यांना एकदा सिस्टीम चढवायला बोलावलं होतं. तिथल्या साहेबाला घाई. सर एकेक प्रश्न वाचून वहीत उतरवतायत आणि साहेब मागे उभा राहून मनगटावरचं घड्याळ बघतोय. शेवटी सर चहा प्यायला बाहेर गेले तेवढ्यात साहेबाने स्वतः बसून धडाधड ओके दाबले आणि कामगारांची वर्षभराची हजेरी पुसून टाकली. शिफ्ट सुटायची वेळ होती, फाटकाबाहेर बस उभ्या होत्या. साहेब ओरडायला लागला की तुमच्या सिस्टीमने माझी हजेरी खाल्ली. सरांनी डबा बंद केला, वही काखेत मारली आणि म्हणाले, "साहेब, त्यानं तुम्हाला विचारलं होतं." एवढं बोलून ते कामगारांच्या बसमध्ये चढले. पुन्हा कधी त्या कंपनीत गेले नाहीत.

आता मुद्द्याचं सांगते.

माझा भाई सहा वर्षं आखातात होता. एका हॉटेलच्या किचनमध्ये. पावसाळ्यात महिन्याच्या सुट्टीवर आला तेव्हा त्याने माझ्यासाठी कॉम्प्युटर आणला. कंबलात गुंडाळून, स्वतःच्या कपड्यांना जागा न ठेवता आणला. तिथल्या एका दोस्ताने त्यात पानं मांडायचं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. लग्नाच्या पत्रिका, हँडबिलं, सगळं घरबसल्या करता येईल असं. रोह्यातला एक प्रेसवाला तेव्हा टाइपसेटिंगच्या कामासाठी दर आठवड्याला माणूस मुंबईला पाठवत असे. मी त्याला विचारून ठेवलं होतं, मशीन असेल तर काम देतो म्हणाला होता.

मशीन लावलं आणि पडद्यावर उजवीकडून डावीकडे अरबी अक्षरं उमटली.

तिकडच्या दुकानदाराने सोबत तेरा फ्लॉप्या दिल्या होत्या. या चढवल्या की इंग्रजी होईल, म्हणाला होता. भाई चढवायला बसला. चौथ्या फ्लॉपीला अरबीत एक चौकट आली, खाली तीन बटणं. भाईने कोपऱ्यातलं दाबलं, सगळं उलटं गुंडाळलं जाऊन पहिल्यापासून. आठ दिवस हेच. सहा वर्षं आखातात राहून भाईला मल्याळम फाडफाड यायला लागलं होतं, अरबीचा पत्ता नव्हता. किचनमध्ये सगळे केरळचे.

त्यात अम्मीने एक करून ठेवलं. पडद्यावर ती अक्षरं दिसली तशी ती मशीन जमिनीवर, नाहीतर बुटक्या स्टुलावर ठेवू देईना. कलाममजीद ज्या उंचीवर ठेवतात त्या उंचीवर, कपाटाच्या वरच्या फळीवर चढवलं. "ती कुराणाची अक्षरं नायत अम्मी, त्यात फाइल सेव्ह करा असं लिहिलंय," असं भाई म्हणाला, तर "अक्षरं तीच ना?" म्हणाली. आम्ही स्टुलावर चढून कॉम्प्युटर बघायचो.

अब्बांचा खाली तांदळाचा धंदा. त्यांना हा प्रकार पहिल्यापासून पसंत नव्हता. भाईची सुट्टी संपायला चार दिवस राहिले तेव्हा त्यांनी मला बोलावलं. "महाडचा एक दुकानदार हाय, मशीन घ्यायला तयार. परवा चारला टेम्पो घेऊन येतो. तोवर चाललं तर ठेवू. नाय तर जाऊ दे. आणि मशीनच नाय तर तुझं रोज पेणला जाणं तरी कशाला?" आवाज चढवून बोलले नाहीत. आवाज चढवला असता तर मी भांडले असते. मशीन गेलं की क्लास गेला, क्लास गेला की मी घरात, एवढं मला स्वच्छ कळलं.

दुसऱ्या दिवशी मी पेणला गेले. आषाढ लागला की सर क्लासला कुलूप लावून खाली उतरत. दोन महिने डोळे, दुसरं काही नाही. मी गेले तेव्हा ते हातभर उंचीच्या एका मूर्तीसमोर मांडी घालून बसले होते. मागे ओळीने तीनशे तरी गणपती रंगवून तयार, सगळे बिनडोळ्यांचे. पाटी लावलेली. मी भिंतीला टेकून दोन तास उभी राहिले. शेवटी सरांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि वर बघितलं.

मी सगळं सांगितलं. सर नेहमीचं विचारून गेले, "काय विचारतोय तो?"

"सर, अरबीत विचारतोय."

सरांचा पाण्यातला ब्रश थांबला. मला वाटलं, आता नाही म्हणणार. न वाचता ते बटण दाबणार नाहीत, आणि वाचता तर येत नाही.

"घरात कोणी वाचणारा नाय?"

"माझे नाना वाचतात. मुलांना शिकवतात. पण सर, त्यांना नुसतं वाचता येतं. अर्थ नाही लागत. शेजारचे चाचा वीस वर्षं तिकडे लॉरी चालवत होते, त्यांना बोललेलं कळतं. पण ते शाळेतच गेले नाहीत. भाईने दोघांनाही विचारून बघितलं."

"एकत्र विचारलंन?"

दोघांना वेगवेगळं विचारलं होतं. नाना म्हणाले मला कळत नाय, चाचा म्हणाले मला वाचता येत नाय, आणि विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने सर रोह्याला उतरले. काखेत वही, हातात पोळ्यांचा डबा, डब्यावर प्लॅस्टिकची पिशवी. ऐन हंगामात काम टाकून निघाले म्हणून भावांनी त्यांना दारापर्यंत येऊन काय काय ऐकवलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, पुढे त्यांच्या वहिनींनी सांगितलं. आमच्या दाराशी आल्यावर त्यांनी आधी पाय धुवायला पाणी मागितलं. अम्मी आत येऊन मला म्हणाली, "बघ, सांगितलं होतं ना."

सरांनी फळीवरचं मशीन बघितलं. स्टूल मागितलं आणि चढले. "मोठ्या मूर्तीचे डोळे असेच करतो आपण," म्हणाले. मला भाईच्या रिकाम्या पेटीवर उभं केलं आणि माऊस माझ्या हातात दिला. "मशीन तुझं. उत्तर तू द्यायचं."

नाना आले ते थेट मोरीत गेले आणि नमाजाआधी हातपाय धुतात तो वजू करून आले. आयुष्यभर ती अक्षरं त्यांनी हात धुतल्याशिवाय वाचली नव्हती, त्यांच्या जिभेला तशी सवयच नव्हती. दाढीचं पाणी टिपत ते सरांना म्हणाले, "यात काय पाक कलाम नाय हे मला ठाव हाय. पण माझं आपलं असं हाय." सर स्टुलावरून म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. धुवून घेतलेलं बरं." दोघे एकमेकांकडे बघून असे हसले की मला वाटलं, यांची जुनी ओळख असावी.

चौथी फ्लॉपी घातली आणि चौकट आली. नानांनी चष्मा चढवला, बघितलं आणि मान हलवली. "यांनी जेर-जबर, म्हंजे मात्रा, लावलेच नायत. उच्चार कसा समजायचा?"

शेजारचे चाचाही येऊन खुर्चीत डोळे मिटून बसले होते. "तुम्ही वाचा नाना, जसं जमेल तसं. मी ऐकतो."

नाना मुलांना शिकवायच्या सुरात, थांबत थांबत वाचायला लागले. "मलफ..."

"असं नाय. दुसरं करून बघा."

"मुलफ... मिलफ..."

चाचांनी डोळे उघडले. "मिलफ! मिलफ म्हंजे फाइल. माझी मिलफ त्यांच्या हापिसात तीन महिने हरवलेली. रोज जायचो, रोज सांगायचे मिलफ नाय." मग नानांना पुढचा जदीद कळला, उर्दूतही नव्याला तोच शब्द. अकदम म्हणजे कदीमपैकी काहीतरी, जास्त जुनं. मौजूद तर अम्मीलाही कळला. ती दारात उभी होती. सर वहीत उतरवत होते आणि एकेक तुकडा जुळवत होते. अर्ध्या तासाने वाक्य तयार झालं. आणलेली फाइल जुनी आहे, घरात, म्हणजे मशीनमध्ये, आहे ती तिच्याहून नवी आहे. आहे ती ठेवायची का?

"आणि बटणं?" सरांनी विचारलं.

"हे नअम, म्हंजे होय. हे ला, म्हंजे नाय," नाना म्हणाले. "हे तिसरं... खुरूज."

"खुरूज म्हंजे बाहेर," चाचा म्हणाले. "पासपोर्टवर त्याचा शिक्का बसला की माणूस घरी येतो." भाईने आठ दिवस हेच दाबलं होतं. तो हळूच खाली अब्बांच्या दुकानात निघून गेला.

"घरात हाय ते चांगलं असेल तर ठेवायचं," सर म्हणाले. "होय म्हण." मी नअम दाबलं आणि निळी पट्टी सरकली. मला रडू यायला लागलं होतं, पण आखणी चालू होती, आवाज करायची सोय नव्हती.

तीच चौकट पुन्हा आली. सर म्हणाले, "वाचा नाना." नानांनी पहिल्यापासून वाचली, चाचांनी ऐकली, सरांनी वहीत लिहिली, मी नअम दाबलं. पुन्हा आली. पुन्हा वाचली. दहा वेळा झालं, बारा वेळा झालं. जेवणं उभ्याउभ्याने झाली. नववी फ्लॉपी इथेही रुसली, तेव्हा सरांनी दुकानदाराची बाजूला ठेवून डब्यातली त्याच सिस्टीमची स्वतःची घातली. ती रुसकी त्या दिवशी मुकाट चालली. तीन वाजले. अब्बा वर आले. बघतात तर नाना वाचतायत, चाचा डोळे मिटून मान डोलावतायत आणि पेणचा माणूस स्टुलावर ब्रश घेऊन उभा. "तेच तेच काय वाचता? होय म्हणा आणि मोकळे व्हा," अब्बा म्हणाले. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. अब्बांना त्यांच्या घरात कोणी गप्प केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

चारला महाडवाला टेम्पो घेऊन हजर. तो वर आला, चपला काढल्या आणि सगळे गप्प म्हणून तोही गप्प भिंतीशी उभा राहिला. बारावी फ्लॉपी चालली होती. चौकट आली. दिसायला तीच, तेवढीच, त्याच जागी. माझं बोट नअमवर होतं. सगळे दमले होते. सर काही बोलले नाहीत. नाना आपले सवयीने वाचायला लागले, आणि दुसऱ्या शब्दाला अडखळले.

"हे ते नाय."

"काय नाय?"

"शब्द वेगळा हाय. मसह." नानांनी चष्मा काढून पुन्हा लावला. "मसह करू का म्हणतोय."

चाचांना तो शब्द माहीत नव्हता. पण नानांना होता, आणि अम्मीलाही. वजू करताना ओला हात डोक्यावरून फिरवतात, त्याला मसह म्हणतात. सकाळीच त्यांनी तो केला होता. नानांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून दाखवला. पुसल्यासारखा.

सर एकदम म्हणाले, "पुसू का विचारतोय. जुनं हाय ते सगळं पुसू का." त्या जुन्यातच दोस्ताने घालून दिलेलं सॉफ्टवेअर होतं. त्याच्या फ्लॉप्या कोणाकडेच नव्हत्या. ते गेलं असतं तर मशीन नुसता खोका. "बोट काढ तिथनं. ला दाब."

मी ला दाबलं. तेरावी फ्लॉपी गेली, पडदा काळा झाला आणि इंग्रजी अक्षरं आली. डावीकडून उजवीकडे. आत सॉफ्टवेअर जागच्या जागी होतं. महाडवाला खाकरला आणि त्याने अब्बांना विचारलं, "मग, उतरवायचं का?"

"उतरवायचं," अब्बा म्हणाले. ते अम्मीकडे वळले. "आता ती अक्षरं गेली. खाली घेतलं तर चालेल ना?" अम्मीने मान हलवली. अब्बा खाली गेले आणि दुकानातलं त्यांचं स्वतःचं, हिशेबाला बसायचं टेबल रिकामं करून जिन्याशी घेऊन आले. "या हो, हात लावा," असं महाडवाल्याला म्हणाले. तो बिचारा गडी टेबलाचं दुसरं टोक धरून वर आला. ते टेबल खिडकीशी ठेवलं, मशीन त्याच्यावर आलं आणि मी पहिल्यांदा त्याच्यासमोर खुर्चीवर बसले. अब्बा त्यानंतर बरीच वर्षं गल्ल्याशेजारी पोत्यावर बसून हिशेब करत.

सरांना संध्याकाळच्या गाडीत बसवायला भाई आणि मी स्टेशनवर गेलो. मी आभार मानायला लागले तर म्हणाले, "अजून सुकू दे. महिनाभर त्याच्यावर नवीन काय चढवू नकोस."

त्या टेबलावर मी पुढे बावीस वर्षं काम केलं. निम्म्या रोह्याच्या लग्नपत्रिका तिथे झाल्या. आणि ज्याला त्याला सांगत आले की सगळे दमलेले असताना एक माणूस दमला नाही, विसाव्या वेळीही त्याने वाचायला लावलं म्हणून माझं मशीन वाचलं.

मागच्या वर्षी पेणला गेले होते. सर आता ऐंशीच्या घरात आहेत. डोळे काढायचं काम पुतण्या करतो. फोन रोज त्यांना अपडेट करू का विचारतो आणि ते रोज त्याला नाही म्हणतात, यावरून घरात वाद. ती लांब वही मी मागून घेतली. रोह्याचं पान सापडलं. सरांनी त्या दिवशीची एकेक अरबी चौकट झिरो नंबरच्या ब्रशाने हुबेहूब उतरवून ठेवली होती, एक नुक्ता इकडचा तिकडे नाही. एकाखाली एक तोच मजकूर, पुढे 'होय', पुढे 'चालू राहिलं'. मी बोट ठेवून वाचत खाली आले. शेवटच्या चौकटीपुढे उत्तराच्या रकान्यात 'नाही' होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात, पेन्सिलीने लिहिलं होतं, "मी न वाचताच होय म्हणणार होतो. नाना वाचत राहिले."

मी वर बघितलं. सर चहा बशीत ओतत होते. "वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"वाचलं सर."

"मग झालं तर," म्हणाले, आणि बशी माझ्याकडे सरकवली.